कंसातले नारायणगाव

पुण्यातल्या एखाद्या सॉफ्टवेअर कंपनीत चहाच्या टेबलावर फंक्शनल प्रोग्रामिंगचा विषय निघाला की एक आक्षेप हमखास ऐकू येतो. हास्केल, क्लोजर, ओकॅमल, एल्म या भाषा देखण्या आहेत, गणितात रमणाऱ्यांना त्या लखलाभ होवोत. पण पोटापाण्याच्या कामात त्यांचा उपयोग नाही. आणि पोटापाण्याचे काम म्हणजे काय, तर डेटाबेसमधून ओळी उचलायच्या, त्यांची घरात घर अशी रचना करायची आणि ते नेस्टेड जेसन मोबाइलवरच्या ॲपला पाठवायचे. पायथनमध्ये हे दहा ओळींत होते. रिकामी डिक्शनरी घ्या, तीत जिल्हा घाला, जिल्ह्यात तालुका, तालुक्यात गाव, गावात भाव. हास्केलवाला मात्र आधी प्रकार जाहीर करत बसतो, आणि एकदा घातलेली किंमत बदलायची म्हटले की त्याला सगळे झाड नव्याने बांधावे लागते. हा द्राविडी प्राणायाम कशासाठी?

असे म्हणणारे लोक अडाणी नसतात. त्यांनी बरीच वर्षे कामे निभावून नेलेली असतात आणि त्यांच्या दहा ओळी खरोखर चालतात. प्रश्न एवढाच, की कशावर चालतात. ग्राहक, ऑर्डर, वस्तू या पाठ्यपुस्तकी उदाहरणावर कुठलीही भाषा गोडच दिसते. कसोटीला खरी, मळकी माहिती घ्यायला हवी, आणि त्यासाठी पुणे जिल्हा ओलांडायचीही गरज नाही.

पुणे-नाशिक महामार्गावर मंचर मागे पडले की नारायणगावच्या आधी कळंब लागते. गाव आंबेगाव तालुक्यातले. तालुक्याची बाजार समिती मंचरला आहे, पण टोमॅटोची मोठी पेठ नारायणगावला. आणि नारायणगाव जुन्नर तालुक्यात, जुन्नर बाजार समितीचा उपबाजार. म्हणजे कळंबच्या शेतकऱ्याचा सातबारा एका तालुक्यात आणि त्याच्या टोमॅटोचा लिलाव दुसऱ्या तालुक्यात. त्यात नावाची भानगड वेगळीच. पुणे जिल्ह्यातच दुसरे कळंब आहे, इंदापूर तालुक्यात, वालचंदनगरजवळ. तिसरे कळंब धाराशिव जिल्ह्यातले आणि चौथे यवतमाळ जिल्ह्यातले. ही दोन्ही तर तालुक्याची ठिकाणे.

आता बाजारभावाच्या याद्या पाहाव्यात. केंद्र सरकारच्या ॲगमार्कनेट यंत्रणेतून रोजचे भाव जेसन रूपात मिळतात. एकेक नोंद सपाट असते: राज्य, जिल्हा, बाजार, शेतमाल, वाण, प्रत, तारीख, किमान भाव, कमाल भाव, सर्वसाधारण भाव. बाजाराच्या रकान्यात 'जुन्नर(नारायणगाव)', 'जुन्नर(आळेफाटा)', 'जुन्नर(ओतूर)' अशी नावे येतात. इथे कंसात आहे तो उपबाजार. राज्याच्या कृषी पणन मंडळाच्या यादीत उपबाजार दाखवायला आडवी रेघ वापरतात, आणि कंस येतो तो 'कळंब (धाराशिव)' अशा जागी. तिथे कंसात आहे तो जिल्हा. एका यादीतला कंस एक पायरी खाली उतरतो, दुसऱ्या यादीतला वर चढतो. झाडाची फांदी अक्षरांच्या रांगेत दडपून बसवली की असे होते. या दोन याद्या एकत्र करून, त्यांना शेतकऱ्यांची गावे आणि तालुके जोडून ॲपसाठी नेस्टेड जेसन तयार करणे हे काम अगदी साधे, कुणाही नवशिक्या अभियंत्याच्या वाट्याला येईल असे.

दहा ओळींचा पायथन इथे काय करतो? समजा लिहिणाऱ्याने जिल्ह्याखाली थेट गाव ठेवले, कारण ॲपच्या पडद्यावर तालुका दाखवायचाच नव्हता. पहिल्या फेरीत पुणे जिल्ह्याखाली आंबेगावचे कळंब बसले. काही ओळींनंतर इंदापूरचे कळंब आले आणि त्याच जागी बसले. पहिले पुसले गेले. इशारा नाही, त्रुटी नाही. डिक्शनरीत असलेल्या नावावर नवे मूल्य ठेवले की जुने जाते, हा भाषेचा घोषित नियमच आहे. चूक तर लिहिणाऱ्याची आहे, असे आक्षेपकर्ते म्हणतील. बरोबर. पण ती चूक करताना कुणी त्याला अडवले नाही, आणि त्याच्या शैलीत 'हे नाव आधीच असेल तर काय करायचे' हा प्रश्न उमटायला जागाच नव्हती.

दुसरे उदाहरण याहून लबाड आहे. नारायणगाव, ओतूर आणि आळेफाटा या तीन नावांसाठी रिकाम्या याद्या हव्या आहेत, म्हणून पायथनची 'फ्रॉमकीज' ही सोय वापरून एका ओळीत त्या तयार केल्या. दिसायला तीन याद्या. प्रत्यक्षात एकच यादी, तिला तीन नावांनी हाक मारता येते इतकेच. नारायणगावच्या यादीत टोमॅटोचा भाव जोडला की तोच ओतूरला आणि आळेफाट्यालाही दिसतो. हा पायथनमधला दोष नव्हे, दस्तऐवजात लिहिलेली वागणूक आहे, आणि तरीही दरवर्षी नवी पिढी तीत पाय अडकवून घेते. तिसरे: 'डिफॉल्टडिक्ट' वापरले तर नसलेले नाव नुसते वाचले तरी ते तयार होते. कुठल्याशा ओळीत 'आंबेगाव'ऐवजी अनुस्वाराचे 'आंबेगांव' आले की चौदा तालुक्यांच्या पुणे जिल्ह्यात पंधरावा तालुका स्थापन होतो, तोही शासन निर्णयाविना.

या तिन्ही चुकांचे मूळ एकच. आक्षेपकर्ते नेस्टेड जेसनकडे भरत जायचे कपाट म्हणून पाहतात. फंक्शनल शैली त्याला नोंदींवरून काढलेली आकृती मानते. नोंदी सपाट राहू देत. त्यांना कुठल्या क्रमाने गटांत पाडायचे ते सांगा, आकृती बाहेर येईल. आकृती चुकली तर ती दुरुस्त करत बसायचे नाही, टाकून द्यायची आणि पुन्हा काढायची. वादाचा खरा मुद्दा हा आहे. भाषेचे व्याकरण, कंसांची संख्या, ओळींची लांबी हे सगळे त्यानंतरचे.

हे चार ओळींत कसे बसते ते सांगता येते. एक फंक्शन घ्यावे. त्याला दोन गोष्टी द्यायच्या: रकान्यांची यादी आणि नोंदींची यादी. रकान्यांची यादी रिकामी असेल तर नोंदींतले भाव जसेच्या तसे जेसनमध्ये उतरवा. नसेल तर पहिल्या रकान्यानुसार नोंदींचे गट पाडा आणि प्रत्येक गटावर हेच फंक्शन उरलेल्या रकान्यांसह पुन्हा चालवा. संपले. आता जिल्हा, तालुका, गाव ही यादी दिली की महसुली झाड मिळते. समिती, उपबाजार, शेतमाल ही दिली की बाजाराचे झाड. नोंदी त्याच, फंक्शन तेच. कळंबचा शेतकरी पहिल्या झाडात आंबेगावाखाली आणि दुसऱ्यात जुन्नर-नारायणगावाखाली सापडतो, आणि दोन्ही ठिकाणी बरोबर सापडतो. पायथनच्या दहा ओळी पहिल्या झाडासाठी लिहिल्या होत्या; दुसऱ्या झाडासाठी दुसऱ्या दहा लिहाव्या लागतील, आणि तिसऱ्यासाठी तिसऱ्या. शिवाय यात रकाना म्हणजे नोंद घेऊन मजकूर परत देणारे एक फंक्शनच असते, आणि फंक्शनांची यादी करून ती दुसऱ्या फंक्शनला देणे हा तर या भाषांचा रोजचा शिरस्ता.

हेच पायथनमध्येही लिहिता येईल, असे कुणी म्हणेल. येईल, आणि लिहावेच. पण मग ज्या पद्धतीला अव्यवहारी म्हटले तीच उसनी घेतली हेही मान्य करावे.

जेसनचा स्वभावही याच बाजूचा आहे. हास्केलमध्ये जेसन हाताळायला सर्वाधिक वापरली जाणारी लायब्ररी 'एसन' नावाची. ब्रायन ओसलिव्हन यांनी लिहिलेली. ग्रीक पुराणात एसन हा जेसनचा बाप, असा हा विनोद. तीत जेसन मूल्याची व्याख्या सहा पर्यायांत संपते: ऑब्जेक्ट, ॲरे, मजकूर, संख्या, खरे-खोटे आणि नल. पहिल्या दोन पर्यायांच्या पोटात पुन्हा तेच मूल्य. स्वतःलाच पोटात घेणारी ही व्याख्या आणि स्वतःलाच हाक मारणारे वरचे फंक्शन यांचा सांधा आपोआप जुळतो. यात योगायोग नाही. जॉन मॅकार्थी यांनी १९६० साली लिस्पवरचा निबंध प्रसिद्ध केला तेव्हा यादीच्या पोटात यादी हीच त्या भाषेतली माहिती होती आणि प्रोग्रामही. १९९५ मध्ये ब्रेंडन आइक यांना नेटस्केपने बोलावले ते ब्राउझरमध्ये लिस्पच्याच घराण्यातली स्कीम ही भाषा बसवण्याचा विचार दाखवून, झाली जावास्क्रिप्ट. तिच्याच लेखनपद्धतीतून डग्लस क्रॉकफर्ड यांनी जेसन बाजूला काढले. तेव्हा घरात घर अशी माहिती फंक्शनल भाषांना परकी आहे, हे म्हणणे वंशावळ उलटी वाचण्यासारखे आहे.

दुसरा आक्षेप पहिल्याहून राकट आहे. जेसन म्हणजे शेवटी मजकूरच ना? मग अवतरणे, स्वल्पविराम आणि महिरपी कंस जोडत मजकूर छापत सुटावे, प्रकार-बिकार कशाला? याला उत्तर देताना एकच गंमत पुरे. बाजार समितीच्या लिपिकाने भाव देवनागरी आकड्यांत टंकला, २००० असा. छापणाऱ्या प्रोग्रामने तो उचलून जसाच्या तसा जेसनमध्ये ओतला. आता ते जेसन राहिले नाही, कारण जेसनच्या संख्येत फक्त इंग्रजीत वापरतात ते शून्य ते नऊ हेच आकडे चालतात. शेरा लिहिताना लिपिकाने एंटर दाबले असेल तर त्या ओळीचा तुटवाही अवैध. मंचरचा दूरध्वनी संकेतांक ०२१३३. संख्या म्हणून छापला तर सुरुवातीच्या शून्यामुळे तोही अवैध, आणि शून्य काढून टाकले तर संकेतांक चुकीचा. संख्यांची दुसरी खोच अशी की जावास्क्रिप्टमध्ये ९००७१९९२५४७४०९९१ च्या पुढच्या पूर्णांकांची खात्री देता येत नाही. ट्विटरचे संदेश-क्रमांक या मर्यादेपलीकडे जाऊ लागले तेव्हा कंपनीला तोच क्रमांक मजकूर रूपातही पाठवावा लागला. संख्या आणि संख्येसारखा दिसणारा संकेतांक हे दोन वेगळे प्रकार आहेत, ही गोष्ट कंपायलरला एकदा सांगून ठेवली की ती पुन्हा माणसाने लक्षात ठेवावी लागत नाही.

प्रकारांचा खरा नफा मात्र एककांत दिसतो. नारायणगावला टोमॅटोचा भाव क्रेटला बोलतात, वीस किलोच्या. मंचर, ओतूर, आळेफाटा इथे कांद्याचा भाव दहा किलोला. कोथिंबीर आणि मेथी शेकड्यावर, म्हणजे शंभर जुड्यांना. सरकारी यादीत टोमॅटो-कांदा क्विंटलवर जातो, आणि पणन मंडळाच्या यादीत पालेभाजीपुढे परिमाण म्हणून 'नग' लिहिलेले असते. जुलै २०२३ मध्ये नारायणगावला टोमॅटोच्या क्रेटने दोन हजारांचा टप्पा ओलांडला. दोन हजार रुपये क्रेट म्हणजे शंभर रुपये किलो, म्हणजे दहा हजार रुपये क्विंटल. दोन्ही आकडे खरे, आणि 'भाव' नावाच्या एकाच घरात दोन्ही बसतात. चुकीच्या एककाखाली गेला की हाच भाव एक तर पाचपट फुगतो किंवा पाचव्या हिश्श्यावर येतो. आणि टोमॅटोचा भाव महिन्याभरात तेवढा खाली-वर होतच असल्याने पाहणाऱ्याला शंकाही येत नाही.

हास्केल, ओकॅमल किंवा एल्ममध्ये भाव हा नुसता आकडा ठेवायचा नसतो. भाव म्हणजे क्विंटलचा, किंवा क्रेटचा, किंवा दहा किलोचा, किंवा शेकड्याचा, असा चार पर्यायांचा प्रकार एका ओळीत जाहीर होतो. मग जेसन तयार करणाऱ्या फंक्शनमध्ये चारही पर्यायांचे काय करायचे ते लिहावे लागते. एल्म तर एखादा पर्याय विसरला की प्रोग्राम तयारच करत नाही. ओकॅमल इशारा देते. हास्केलमध्ये तो इशारा मागून घ्यावा लागतो. कोथिंबिरीच्या शेकड्याला कुणी क्विंटलमध्ये बदलू पाहिले तर तसे फंक्शनच सापडत नाही, कारण जुडीचे वजन कुणी ठरवलेले नाही. बाहेर जाणाऱ्या जेसनमध्ये प्रत्येक भावाशेजारी त्याचे एकक छापले जाते. आक्षेपकर्ते ज्याला 'आधी प्रकार जाहीर करत बसणे' म्हणतात ते एवढेच काम. बाजारात उभे राहून आडत्याला विचारायचा प्रश्न इथे कंपायलर विचारतो.

हीच गोष्ट न आलेल्या भावाची. अमावस्येला किंवा सणाला लिलाव बंद. लिलाव झाला पण त्या मालाची आवकच नाही. आवक झाली पण नोंद वर पोहोचली नाही. या तीन वेगळ्या घटना, आणि जेसनकडे तिन्हींसाठी एकच नल. ॲप तो नल शून्य समजून आलेखात घसरण दाखवते आणि कळंबमध्ये कुणीतरी तोडणी एक दिवस पुढे ढकलतो. तीन घटनांना तीन पर्याय देणे कुठल्याही भाषेत शक्य आहे. पण तशी सवय लावणाऱ्या भाषा थोड्या.

यावर तिसरा आक्षेप येतो: आतले प्रकार कितीही शिस्तीचे असोत, बाहेरून येणारे जेसन बेशिस्तच असणार. कालपर्यंत आकड्यात येणारा भाव आज अवतरणांत येईल. खरे आहे, आणि म्हणूनच तपासणी वेशीवर हवी. एल्ममध्ये बाहेरचे जेसन थेट वापरताच येत नाही. आधी डिकोडरमधून जावे लागते, आणि तो अमुक घरातल्या अमुक क्रमांकाच्या नोंदीत मजकूर आला, संख्या हवी होती, असे पत्त्यासह सांगतो. पायथनमध्ये तीच तक्रार तीन फाइलींपलीकडे, बेरीज करताना, पत्त्याविना येते. कधी येतच नाही; कारण दोन मजकुरांची बेरीजही पायथन आनंदाने करतो, आणि '२०००' व '१८००' मिळून आठ अंकी भाव तयार होतो.

आता 'सगळे झाड नव्याने बांधावे लागते' हा मुद्दा. ऐकायला भीतिदायक, पण वस्तुस्थिती तशी नाही. क्लोजरमध्ये महाराष्ट्राचे झाड आहे, आत छत्तीस जिल्हे. कळंबचा एक भाव बदलला. नवीन तयार होतात त्या कळंब, आंबेगाव, पुणे आणि महाराष्ट्र या वाटेवरच्या मोजक्या गाठी. उरलेले पस्तीस जिल्हे आणि पुण्यातले तेरा तालुके जुन्या झाडाशी सामाईक राहतात. त्यांना हातही लागत नाही. फिल बॅगवेल यांच्या संशोधनावर रिच हिकी यांनी २००७ साली आणलेल्या क्लोजरचे नकाशे, म्हणजे तिथल्या डिक्शनऱ्या, असे बांधलेले आहेत. लिहिणाऱ्याला हे दिसतही नाही: 'अपडेट-इन' या फंक्शनला वाट द्यायची, काय करायचे ते द्यायचे, नवे झाड हातात येते. जुनेही शाबूत राहते, म्हणून कालचा आणि आजचा भाव शेजारी ठेवून पाहता येतो.

तलाठ्याच्या दप्तराचा अनुभव असलेल्या माणसाला तरी हे विचित्र वाटू नये. सातबाऱ्यावरचे नाव कमी करायचे तर ते खोडत नाहीत, त्याला कंस करतात. शेजारी नवे नाव आणि फेरफार क्रमांक येतो, आणि तो फेरफार गाव नमुना सहामध्ये कायम राहतो. शंभर वर्षांपूर्वीचा वारस शोधता येतो तो यामुळेच. जमिनीच्या बाबतीत जी शिस्त कुणाला द्राविडी प्राणायाम वाटत नाही, ती संगणकाच्या स्मृतीत आली की मात्र पंडिती ठरते.

एवढे म्हटल्यावर फंक्शनल बाजूचे लोक जे सांगायचे टाळतात तेही सांगायला हवे. हास्केलमध्ये जिल्हा, तालुका आणि गाव या तिन्ही नोंदींना 'नाव' हे एकच घर द्यायचे तर अनेक वर्षे ते एका फाइलीत जमतच नव्हते. कंपायलरच्या २०१६ च्या आवृत्तीत त्यावर पहिला उतारा आला आणि बिंदू देऊन घरातले घर वाचायची सोय २०२१ मध्ये. नेस्टेड माहिती हे ज्या भाषेचे माहेर म्हणायचे, तिथे ही अवस्था लाजिरवाणीच होती. खोलवरचे एक मूल्य बदलायला साध्या हास्केलमध्ये आजही तिरपागडी ओळ लिहावी लागते. एडवर्ड क्मेट यांची 'लेन्स' लायब्ररी ती सोपी करते, पण तिचे त्रुटीसंदेश वाचून भलेभले खुर्ची मागे सरकवतात. नावे पुसली जाण्याच्या चुकीपासूनही सरसकट संरक्षण नाही. हास्केलचा नकाशा यादीवरून साध्या पद्धतीने तयार केला तर तिथेही शेवटचे कळंब जिंकते, गुपचूप. दोन मूल्ये भेटली तर काय करायचे हे विचारणारे वेगळे फंक्शन आहे. ते वापरून याद्या जोडल्या तर त्या उलट्या क्रमाने येतात आणि तारखा मागून पुढे धावतात. अनुस्वाराचे 'आंबेगांव' तर कुठलाच कंपायलर पकडत नाही. 'ऱ' हे अक्षर युनिकोडमध्ये दोन रीतींनी लिहिता येते. डोळ्यांना सारखी दिसणारी दोन नावे संगणकाला वेगळी वाटतात, आणि मुद्दाम सांगितल्याशिवाय ती एकरूप करणे हास्केल, पायथन, जावा यांपैकी कुणीच करत नाही. गावांची ओळख नावाने न ठेवता जनगणनेच्या किंवा पंचायतराज मंत्रालयाच्या संकेतांकाने ठेवणे हाच या सगळ्यावर पक्का उपाय, आणि तो भाषेच्या बाहेरचा आहे. क्लोजरला तर स्थिर प्रकारच नाहीत. वर एककांबद्दल जे सांगितले ते तिथे आपोआप मिळत नाही.

आणि पाच नोंदींचे जेसन एकदाच तयार करून कुणाला पाठवायचे असेल, तर पायथनच उघडावा. त्यासाठी हास्केल बसवत बसणारा माणूस हट्टी असतो, दूरदर्शी नव्हे.

शेवटचा आक्षेप भाषेचा नाही, माणसांचा आहे: आपल्याकडे या भाषा येणारी माणसे कुठे आहेत? कळंबच्या शेतकऱ्याच्या फोनवर भाव येतात ते बहुधा व्हॉट्सॲपच्या गटात, आणि व्हॉट्सॲपचे सर्व्हर उभे आहेत ते एर्लांगवर, एरिक्सनच्या प्रयोगशाळेत १९८० च्या दशकात जन्मलेल्या फंक्शनल भाषेवर. २०१४ साली फेसबुकने ती कंपनी घेतली तेव्हा पंचेचाळीस कोटी वापरकर्त्यांमागे अभियंते होते जेमतेम तीन डझन. ते उदाहरण अमेरिकेतले म्हणून सोडून द्यायचे तर पुण्यातल्या हेल्पशिफ्टने आपली ग्राहकसेवेची यंत्रणा क्लोजरमध्ये बांधली. त्याच्याही आधी, १९९० च्या दशकात, पुणे विद्यापीठात रुस्तम मोदी हास्केलच्या घराण्यातली गोफर ही भाषा शिकवत होते. मार्क जोन्स यांच्या मूळ गोफरमध्ये त्यांनी शिकवण्यासाठी बदल केले आणि त्या आवृत्तीचे नाव पडले 'प्यूगोफर', पुणे युनिव्हर्सिटी गोफर. प्रोग्रामिंग शिकवायची सुरुवात सी भाषेने करणे घातक आहे, असे त्यांनी १९९१ मध्येच एका आंतरराष्ट्रीय नियतकालिकात लिहिले होते. ज्या शहरात हे घडले तिथल्या कंपन्यांनी आज या भाषा परदेशी फॅशन म्हणून उडवून लावाव्यात, हा स्मरणशक्तीचा प्रश्न आहे.

माणसे तयार होत नाहीत याचे कारण वर्गात शोधावे. कळंबपासून जवळच, अवसरी खुर्द इथे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न. विद्यापीठाच्या २०१९ च्या आराखड्यात संगणक शाखेच्या दुसऱ्या वर्षाला प्रोग्रामिंग भाषांच्या तत्त्वांचा विषय होता, आणि त्याच्या शेवटच्या घटकात लिस्पची ओळख. शेवटचा घटक म्हणजे परीक्षेच्या तोंडावर उरकलेला घटक. यादीची लांबी काढा, फॅक्टोरियल काढा, झाले. याऐवजी नारायणगाव आणि मंचरच्या एका दिवसाच्या सपाट नोंदी विद्यार्थ्यांच्या हाती द्याव्यात आणि महसुली झाड व बाजाराचे झाड अशी दोन्ही जेसन एकाच फंक्शनमधून मागावीत. दुसऱ्या तासिकेला त्याच नोंदींत इंदापूरचे कळंब आणि कोथिंबिरीचा शेकडा घालून, कुणाचा प्रोग्राम काय म्हणतो ते वर्गासमोर पाहावे. हास्केल आणि क्लोजर फुकट मिळतात, आणि नोंदी देणारी शेतकऱ्यांची मुले त्याच वर्गात बसलेली असतात.